‘एन्फोर्स’ : एका इंग्रजी क्रियापदाची हकिगत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावाहून कोणी तरी विदुषी बोलवावी असा आपला रिवाज आहे. यंदा आपण घरच्याच बाईला उभे केलेत. मी काही विदुषी नव्हे. शाळेत मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझी ३१ वर्षे गेली, एवढीच माझी शिदोरी. विषय कोणता घेऊ असे चिटणीसबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, “बाई, पाककृती सोडून काहीही चालेल.” तेव्हा मी आज एक क्रियापद घेऊन आले आहे. एकच. पण ते मला स्वतःला फार उशिरा कळले, आणि त्या उशिराची झळ दुसऱ्याच कोणाला तरी लागली, म्हणून ते आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

ते क्रियापद म्हणजे ‘एन्फोर्स’. आपल्याला ते अगदीच परके आहे असे नाही. टीव्हीवर रोज ‘ईडी’, ‘ईडी’ ऐकू येते, त्यातली ‘ई’ ती हीच. १९५६ साली परकीय चलनाच्या कायद्याचा अंमल नीट व्हावा म्हणून केंद्र सरकारने हे खाते काढले. आपली वर्तमानपत्रे त्याला ‘सक्तवसुली संचालनालय’ म्हणतात. ‘एन्फोर्समेंट’ला ‘सक्तवसुली’ हा शब्द कोणी योजला ठाऊक नाही, पण त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी झाली आहे की एन्फोर्स करणे म्हणजे दारात उभे राहून पैसे वसूल करणे. तसे ते नाही. पण पैशांचा आणि या शब्दाचा संबंध माझ्याही गोष्टीत आहेच.

आपल्या गावातल्याच एका भगिनीची ही गोष्ट. तिच्या परवानगीने सांगते, नाव मात्र सांगत नाही. दोन मुली पदरात घेऊन ती माहेरी आली. कांद्याच्या शेडवर निवडायला जाते. कोर्टातून तिला पोटगीचा हुकूम मिळाला, महिना साडेतीन हजार रुपये. हुकूम इंग्रजीत होता. ती तो माझ्याकडे वाचून घ्यायला आली. मी चष्मा लावला, पान उलटत गेले, शेवटचा परिच्छेद वाचला आणि म्हणाले, “अगं, झालं तुझं काम. दर महिन्याला पैसे द्यायला सांगितलेत साहेबांनी.” कागदाच्या मागे वकिलांनी पेन्सिलीने इंग्रजीत चार शब्द लिहिले होते. त्यांचा अर्थ एवढाच की पैसे न आल्यास एन्फोर्स करणे. तिने विचारले, “बाई, हे काय लिहिलंय?” मी म्हणाले, “पैसे नाही दिले तर सक्ती होईल, असं आहे.”

‘सक्ती होईल’. मैत्रिणींनो, ३१ वर्षे व्याकरण शिकवलेल्या बाईने केलेली ही चूक आहे. ‘करणे’च्या जागी मी ‘होईल’ म्हणाले. ती बिचारी निश्चिंत झाली. तिने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि सक्ती होण्याची वाट पाहत राहिली. चौदा महिने वाट पाहिली.

तर आता त्या शब्दाकडे वळते. शब्दाचा अर्थ नीट कळायचा तर त्याचे माहेर पाहावे लागते.

लॅटिनमध्ये ‘फोर्तिस’ म्हणजे बळकट. त्याच्यापासून फ्रेंचांकडे ‘फोर्स’ आला, म्हणजे बळ, आणि तोच इंग्रजांनी घेतला. मुंबईचा ‘फोर्ट’ याच घराण्यातला. इंग्रजांच्या जुन्या किल्ल्याचा तो भाग. तट १८६० नंतरच्या दशकात पाडले, नाव राहिले. ‘एफर्ट’ म्हणजे प्रयत्न, तोही यांचाच भाऊबंद. आणि गंमत अशी की ‘कम्फर्ट’ हा शब्दही यांच्याच नात्यातला! आज आपण कम्फर्ट म्हटले की मऊ सोफा डोळ्यापुढे येतो, पण मूळ अर्थ खचलेल्या माणसाला बळ देणे, त्याला उभे करणे असा होता. दुःखाच्या घरी आपण जाऊन बसतो तो खरा कम्फर्ट.

‘एन्फोर्स’ इंग्रजीत आला तो चौदाव्या शतकात. तेव्हा त्याचा एक अर्थ नुसताच ‘बळकट करणे’ असा होता. गढीला बुरूज बांधला की गढी एन्फोर्स झाली. पुढे बुरूज-तटांचा अर्थ मागे पडला आणि कायदा, नियम, हुकूम यांना बळकटी देण्याचा अर्थ पुढे आला. पण गाभा तोच राहिला. एन्फोर्स करणे म्हणजे हुकूम देणे नव्हे. हुकूम आधी दिलेलाच असतो. त्याच्या पाठीशी बळ उभे करणे म्हणजे एन्फोर्स करणे. तटाशिवायची गढी जशी, तसा बळाशिवायचा हुकूम.

माणसाला एखादी गोष्ट करायला लावण्याचे इंग्रजीत आणखी काही शब्द आहेत. त्यांचे माहेर तर आपल्याला घरचेच वाटावे असे. ‘कम्पेल’ म्हणजे भाग पाडणे. त्यातला ‘पेल’ लॅटिनमधल्या हाकण्याच्या क्रियापदावरून आला. एकत्र करून हाकणे म्हणजे कम्पेल. संध्याकाळी गुराखी गुरे गावाकडे आणतो ते चित्र डोळ्यापुढे आणा. ‘कोअर्स’ म्हणजे दडपशाहीने करायला लावणे, त्याच्या मुळाशी कोंडून धरणे आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा कोंडवाडाच तो. ‘ओब्लाइज’च्या मुळाशी बांधणे आहे, म्हणजे दावे. हाकणे, कोंडणे, बांधणे. माणसाच्या सक्तीचे हे सगळे शब्द बघा, गुरांच्या गोठ्यात कसे चपखल बसतात! आपल्या ‘वेसण घालणे’ची जात तीच.

आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप, तो शब्द ‘ओबे’, म्हणजे आज्ञा पाळणे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदात आहे. ‘ऑडिओ’ शब्द ज्यातून निघाला तेच हे. आपण नाही का म्हणत, “पोरगं मुळीच ऐकत नाही”? त्याचे कान शाबूत असतात, तरी ऐकत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममधल्या आईची आणि देवळ्याच्या आईची तक्रार एकच होती म्हणायची.

वर्गात एक चूक दरवर्षी ठरलेली असे. मुले लिहीत, ‘वडिलांनी मला अभ्यास करायला एन्फोर्स केले.’ मी लाल पेनाने खोडत असे. माणसाला कम्पेल करतात, फोर्स करतात. एन्फोर्स करतात तो नियम. एन्फोर्सचे कर्म माणूस नसते, हुकूम असतो. हे मी शेकडो मुलांना सांगितले. पण दर क्रियापदाला कर्मासारखा कर्ताही लागतो, आणि तो कर्ता कोण, हे त्या कागदावर पाहायला मीच विसरले.

मराठीत आपण ‘अंमलबजावणी’ म्हणतो. यातला ‘अंमल’ अरबी. त्याचा मूळ अर्थ काम, कृती. पुढे तो सत्ता या अर्थाने रुळला, पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असा. आणि मराठीत नशेलाही अंमलच म्हणतात. दारूबंदीच्या कायद्याचा अंमल आणि दारूचा अंमल, दोन्हींना एकच शब्द! कुठल्या अंमलाचा जोर अधिक, हे ज्या गावांतल्या बायकांनी उभ्या बाटलीच्या आणि आडव्या बाटलीच्या मतदानाला रांगा लावल्या त्यांना विचारावे. ‘बजावणी’ तर आपल्या ओळखीचीच आहे. बेलीफ येऊन समन्स बजावतो. कागद टपालपेटीत टाकला म्हणजे बजावला असे होत नाही, तो ज्याचा त्याच्या हाती पोचावा लागतो. तेव्हा मराठी शब्दातही इंग्रजीसारखीच खूण आहे. हुकूम लिहिणे वेगळे, तो जागेवर पोचवून घडवून आणणे वेगळे.

आता थोडा वेळ आपल्याला एकशे चाळीस वर्षे मागे नेते. कारण हे बळ नेहमी आपल्याच बाजूने उभे राहते असे कोणी समजू नये.

रखमाबाईंचे नाव आपण ऐकले असेल. १८६४ साली मुंबईत त्यांचा जन्म. आई जयंतीबाई, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन, मोठे नामांकित डॉक्टर. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. आईवडिलांच्या घरी राहिल्या, वाचायला शिकल्या, इंग्रजी शिकल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की माझी बायको मला मिळवून द्या. या दाव्याला नाव होते वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. हा प्रकार आपल्या शास्त्रातला नव्हता. तो विलायतेच्या चर्चच्या कोर्टांतून इकडे आलेला. आणि योग असा की ज्या १८८४ साली दावा लागला त्याच साली विलायतेत कायदा झाला, की असा हुकूम न मानणाऱ्या माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. तिकडे तुरुंग बंद झाला, इकडे आपल्या दिवाणी संहितेत तो उघडाच राहिला.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. त्यांचे म्हणणे असे की जी कधी नांदलीच नाही, तिची पुनःस्थापना कसली? आणि नावडत्या पुरुषाकडे तरुण मुलीला तिच्या मनाविरुद्ध जायला भाग पाडणे ही क्रूर गोष्ट आहे. तिथे त्यांनी योजलेले क्रियापद ‘कम्पेल’ होते. गुरे हाकण्याचे. योजताना ते त्यांच्या मनात होते की नाही, कोण जाणे.

गावात एवढा गदारोळ उठला म्हणता! धर्मात हात घातला म्हणून एक पक्ष ओरडला. लोकमान्यांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंविरुद्ध लिहिले. लोकमान्यांविषयी आपल्या मनात आदर आहे, माझ्याही आहे. पण ते या बाबतीत चुकले असे मला वाटते, आणि बायकांच्या मंडळात तरी ते म्हणायला हरकत नसावी. बेहरामजी मलबारी रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. स्वतः रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त १८८५ मध्ये पत्रे लिहिली, बालविवाहाने मुलींचे काय होते ते सांगितले. लिहिणारी कोण, हे वाचकांना ठाऊक नव्हते.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरवून खटला परत पाठवला. आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. १८८२ च्या संहितेत अशा हुकमाची अंमलबजावणी तुरुंगवासाने किंवा मालमत्तेच्या जप्तीने करता येत असे. म्हणजे आपले एन्फोर्स! शब्द हाच, बळ हेच, पण ते एका बावीस वर्षांच्या मुलीच्या समोर उभे. रखमाबाईंनी कळवले की मी तुरुंगात जाईन, पण नांदायला जाणार नाही.

त्या तुरुंगात गेल्या नाहीत. १८८८ साली तडजोड झाली, दादाजींनी २,००० रुपये घेऊन दावा सोडला. १८८९ मध्ये त्या विलायतेला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरतेला आणि पुढे राजकोटला इस्पितळांतून बायकांचे बाळंतपण-दुखणे पाहण्यात आयुष्य घातले. १९५५ साली त्या वारल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा झाला, आणि त्याच्या नवव्या कलमात तो विलायती दावा पुन्हा येऊन बसला! फरक एवढा की १९२३ च्या दुरुस्तीने तुरुंग आधीच गेला होता, जप्ती तेवढी उरली. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवले, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवले. विलायतेने आपल्याकडचा तो दावाच १९७० मध्ये मोडीत काढला. असो. कायद्याच्या खोलात मी शिरत नाही, तो माझा प्रांत नव्हे.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे सारडा कायदा. १९२९ साली झाला, मुलीचे लग्नाचे वय १४ ठरले. हुकूम चांगला, बळ मात्र नाही. पोलिसांना आपण होऊन काही करता येत नसे, कोणी तरी फिर्याद द्यावी लागे, आणि फिर्याद देणाऱ्याकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जामीन मागता येई. शेजारच्या लग्नाची फिर्याद शंभर रुपये घालून कोण देणार? आपल्या आज्या त्या कायद्यानंतरही दहाव्या-बाराव्या वर्षी बोहल्यावर चढल्या. २००६ च्या कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी नेमले. गावात ते काम ग्रामसेवकाकडे असते. म्हणजे कर्ता ठरवून दिला.

घटना लिहिणाऱ्यांना ही मेख पुरती माहीत होती. मूलभूत हक्क लिहून ते थांबले नाहीत, ते एन्फोर्स करण्यासाठी थेट सुप्रीम कोर्टात जाण्याचा हक्क ३२ व्या कलमात वेगळा लिहिला. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी याच कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. पाच कलमे पुढे, ३७ व्या कलमात, मार्गदर्शक तत्त्वे कोर्टाकडून एन्फोर्स करता येणार नाहीत असेही स्पष्ट लिहिले आहे. एकाच ग्रंथात हा शब्द एकदा दार उघडतो, एकदा लावतो.

आता डाळीच्या डब्याखालच्या कागदाकडे परत येते.

चौदा महिन्यांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, सक्ती कधी होणार?” मला काही सुचेना. धाकट्या मुलीची शाळेची सहल होती, तिचे पैसे भरायचे होते, एवढ्यावरून तिला आठवण झाली होती. मी तो कागद पुन्हा हातात घेतला, मागची पेन्सिलीची ओळ वाचली आणि मला दरदरून घाम फुटला. करणे. कोणी करणे? तिने करणे! वकिलांनी तिलाच सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन वकिलांकडे गेले, आणि तिथे जे कळले ते सर्वांना सांगण्यासारखे आहे. पोटगीचे कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे झाले. नवऱ्याने सबळ कारणाशिवाय पैसे दिले नाहीत, तर मॅजिस्ट्रेट वसुलीचे वॉरंट काढू शकतात. त्यानेही वसुली झाली नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतात. आणि कैद भोगली म्हणजे पैसे फिटले असे नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितले आहे. पण या सगळ्यासाठी अर्ज करावा लागतो. रक्कम देणे झाल्यापासून एक वर्षाच्या आत. वर्ष उलटले की त्या महिन्याच्या रकमेसाठी वॉरंटची वाट बंद होते. रक्कम बुडत नाही, दुसऱ्या वाटा राहतात, पण त्या लांबच्या आणि चढाच्या.

म्हणजे माझ्या एका ‘होईल’ने तिच्या दोन महिन्यांच्या पैशांची, सात हजारांची, सोपी वाट गेली. हे मी तिला तिथेच सांगितले. ती म्हणाली, “जाऊ द्या बाई, तुम्ही तरी कुठं मुद्दाम केलं?” त्या बोलण्याने मला बरे वाटले असे म्हणवत नाही.

बाकी बारा महिन्यांचा अर्ज तिने दिला. त्याच संहितेत १४७ वे कलम आहे, त्याचा मथळाच एन्फोर्समेंटचा. हुकमाची प्रत तिला फुकट मिळायला हवी, आणि नवरा ज्या ठिकाणी असेल तिथल्या मॅजिस्ट्रेटकडूनही हुकमाची अंमलबजावणी करून घेता येते. तो सध्या दुसऱ्या तालुक्यात कामाला आहे. तो दूर गेला, आता काय करणार, असे घरचे म्हणत होते. कलम वाचून दाखवल्यावर गप्प झाले. वकिलाच्या फीची काळजी होती, तर १९८७ च्या कायद्याने बाईला, तिचे उत्पन्न किती का असेना, मोफत विधी साहाय्य मिळते. त्यासाठी तालुक्याची विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते.

पुढची तारीख या महिन्याच्या अखेरीला आहे. मंडळातल्या दोघी तिच्याबरोबर जाणार आहेत, मी तिसरी. सकाळच्या एसटीने निघायचे ठरले आहे. डबे बरोबर घ्यायचे, कारण कोर्टात पुकारा कधी होईल सांगता येत नाही.

आणखी एक. आपल्यापैकी कोणाच्या घरी पिशवीत घातलेला, डब्याखाली ठेवलेला असा काही इंग्रजी कागद असेल, तर घेऊन या. दुपारी तीननंतर मी घरीच असते. यापुढे मी कागद मागच्या बाजूपासून वाचायला सुरुवात करते.